पेरणीआधी शेतात एक आर आखून घ्या

मृग जवळ आला की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो, "रान किती आहे?" वडिलोपार्जित रानाचा मालक झोपेतही बरोबर उत्तर देईल. पण वाटणीत नुकतंच मिळालेलं, किंवा यंदाच ठोक्यानं घेतलेलं रान असेल तर माणूस सातबारा काढून बघतो आणि सांगतो, "एक-वीस आहे." दुकानदार ते एक एकर वीस गुंठे धरतो आणि दीड एकराचं बियाणं काढून देतो. सातबाऱ्यावरचं १.२० म्हणजे मात्र एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास तीन एकर. बियाणं अर्ध्या रानातच संपतं, आणि दुसऱ्यांदा दुकानात जाईपर्यंत त्या वाणाच्या पिशव्या संपलेल्या असतात.

बोलायचं एकर-गुंठ्यात, कागद हेक्टर-आरमध्ये, खताची शिफारस हेक्टरी आणि पोतं एकरी. या चार गोष्टींचा मेळ पेरणीच्या घाईत बसत नाही. म्हणून रान तयार आहे आणि पाऊस अजून यायचा आहे, अशा आठवड्यात हे गणित बसवून घ्यावं.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर या क्रमानं लिहिलेलं असतं. १.२०.५० असेल तर एक हेक्टर, २० आर, ५० चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद चौकोन. असे १०० आर मिळून एक हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती, तिचा हा चौकोन. मीटरमध्ये तो १०१.१७ चौरस मीटर भरतो. ४० गुंठ्यांचा एकर होतो ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे ४०.४७ आर. आणि एका हेक्टरात २.४७ एकर बसतात, म्हणजे दोन एकर आणि जवळजवळ १९ गुंठे.

या आकड्यांतून एक सोय आपोआप मिळते. आर आणि गुंठा यांच्यात फरक आहे तो शंभरात एकाच्या आसपास. बियाणं, खत, पाणी, फवारणी यांच्यासाठी दोन्ही एकच धरा, काहीही बिघडत नाही. सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर सगळे आर करून घ्या आणि ४० ने भागा, एकर निघाले. १.२० म्हणजे १२० आर, भागिले ४०, तीन एकर. काटेकोर उत्तर दोन एकर साडेअडतीस गुंठे आहे, पण तिफणीला तेवढ्यानं फरक पडत नाही.

खरेदी-विक्रीत आणि वाटणीत मात्र ही सूट घेऊ नका. पाच एकर म्हणजे २०० गुंठे, आणि आरमध्ये ते होतात २०२.३४. "आर म्हणजे गुंठाच की" म्हणत २०० आर लिहून घेतले, तर २३४ चौरस मीटर, म्हणजे अडीच हजार चौरस फूट जमीन कागदावरून गेली. गावात तेवढ्यात एक घर उठतं.

दशांश चिन्हाची चूक तर याहून सहज होते. दोन एकर तीस गुंठे आपण २.३० असं लिहितो आणि तोच आकडा मोबाईलच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकून एकरी खर्चानं गुणतो. तीस गुंठे म्हणजे पाऊण एकर, तेव्हा गुणायला हवं २.७५ ने. ट्रॅक्टरवाल्याचा हिशेब, मजुरीचा उक्ता, ठोक्याची रक्कम या सगळ्यांत हा फरक गुपचूप शिरतो. पीक पाहणीच्या ॲपवर किंवा विम्याच्या अर्जावर चूक वेगळ्या बाजूनं होते: तिथं क्षेत्र हेक्टरमध्ये भरायचं असतं. ०.४ म्हणजे ४० आर, आणि ०.०४ म्हणजे फक्त चार आर. चाळीस आर असतील तर पूर्ण ०.४० लिहा, म्हणजे डोळा फसत नाही. दोन एकर सोयाबीन आहे म्हणून क्षेत्राच्या रकान्यात नुसता २ भरला, तर तुम्ही दोन हेक्टरांचा, म्हणजे जवळपास पाच एकरांचा दावा केला. सातबाऱ्यापेक्षा जास्तीचं क्षेत्र म्हणून अर्ज अडकला तर चूक दुरुस्त करण्यात आठवडे जातात. पूर्व विदर्भात जुन्या कागदांत डिसमिल सापडतो, तो एकराचा शंभरावा भाग. तिथलं ०.४० एकर म्हणजे सोळा गुंठे, चाळीस नव्हेत. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी असलेल्या एक-चौदाच्या उताऱ्यावरही हेक्टर, आर, चौरस मीटर हाच क्रम असतो.

आता माझं मुख्य सांगणं. हे आकडे पाठ करत बसण्यापेक्षा शेतात एक आर प्रत्यक्ष आखा. टेप घ्या, बांधापासून आत सरकून १० मीटर लांब, १० मीटर रुंद चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोका. कोपरे काटकोनात आहेत का ते बघायला दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही १४ मीटर १४ सेंटिमीटर भरले पाहिजेत. या चौकोनाभोवती एकदा फिरून या. हेक्टर डोळ्यांत मावत नाही, एकरही सगळ्यांच्या डोळ्यांत मावत नाही, पण आर मावतो. शिवाय हिशेब सोपा होतो, कारण हेक्टरी सांगितलेल्या कुठल्याही शिफारशीला १०० ने भागलं की एका आराची मात्रा मिळते.

सोयाबीनची शिफारस ७० टक्के उगवणीच्या बियाण्याला हेक्टरी ६५ ते ७५ किलो आहे. म्हणजे आराला ६५० ते ७५० ग्रॅम, एकराला २६ ते ३० किलो. पेरणी यंत्र एवढंच बी सोडतंय का, हे रानात उतरण्याआधी बघता येतं. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर असेल, तर एका नळीला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, १० मीटर यंत्र चालवा आणि पिशवीतलं बी सोनाराच्या नाही तरी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला. २९ ते ३४ ग्रॅम भरलं तर यंत्र बरोबर आहे. चाळीसच्या वर गेलं तर एकरी सहा-सात किलो बी फुकट जाणार आणि वर पीक दाटणार. प्रत्येक नळीची अशी परीक्षा घ्या, कारण एकाच यंत्राच्या दोन नळ्या सारखं बी सोडतीलच असं नाही.

भातवाल्यांना आर आधीपासून ओळखीचा आहे. एक हेक्टर लावणीला दहा आर रोपवाटिका लागते, म्हणजे दहाला एक. एकरभर खाचरं असतील तर चार गुंठे तरवा पुरतो.

खताचं बघू. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश या शिफारशीचं एकरी रूप होतं १२, २४ आणि १२. डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यात २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र येतं. म्हणजे एकराला एक पोतं डीएपी, त्याला जोड म्हणून सहा-सात किलो युरिया आणि २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश, झालं काम. हेक्टरी आकडा एकरी समजून टाकला, तर तेच डीएपी अडीच पोती होतं. पैसे तर जातातच, जादा नत्रानं सोयाबीन नुसती माजते आणि शेंगांना कमी पडते. माती परीक्षणाचा अहवाल हातात असेल तर त्यातल्या आकड्यांप्रमाणे कमी-जास्त करा, पण तो आकडा हेक्टरी आहे की एकरी, हे पहिल्यांदा वाचा.

तणनाशकाबद्दल जरा थांबून बोलतो, कारण इथं चूक परत घेता येत नाही. आमच्याच शेतातली गोष्ट आहे. सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर १० टक्के मारायचं होतं, बाटली एक लिटरची होती, आणि फवारणाऱ्याला मी गडबडीत एवढंच सांगितलं की बाटली एका रानाला पुरेल. त्या तुकड्याचं क्षेत्र एक एकर. लेबलवर मात्रा हेक्टरी एक लिटर, म्हणजे एकराला ४०० मिली होती. अडीच पट औषध पडलं. पीक पिवळं पडून तिथंच थिजलं, आणि पुढं रब्बीत त्याच तुकड्यात ज्वारी विरळ उगवली. या औषधाचा अंश जमिनीत राहतो आणि पुढच्या पिकाला भोवतो, हे मला तोवर नुसतं वाचून माहीत होतं. फवारणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता, माप सांगायचं काम माझं होतं.

तेव्हापासून पंप आधी आरात मोजतो. टाकीत मोजून साधं पाणी भरायचं, आखलेल्या चौकोनात नेहमीच्या चालीनं आणि नेहमीच्या नोझलनं फवारायचं, आणि किती पाणी संपलं ते बघायचं. पाच लिटर संपलं तर हेक्टरी ५०० लिटर, एकरी २०० लिटर. म्हणजे १६ लिटरच्या एका पंपात तीन आरांच्या थोडं वर फवारून होतं. हेक्टरी एक लिटर औषधाचं आराला १० मिली, तेव्हा अशा पंपात ३२ मिली टाकायचं. दुसऱ्या माणसाची चाल जलद असेल आणि त्याच्या हातून आराला चारच लिटर पाणी संपत असेल, तर त्याच्या पंपात चार आर बसतात आणि औषध ४० मिली लागतं. "पंपाला अमुक झाकणं" हे माप म्हणूनच प्रत्येकाला लागू पडत नाही. माणूस बदलला, नोझल बदललं, की पुन्हा मोजावं.

पावसाचं मापही आरातून बघावं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, आराला १०० लिटर. पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या म्हणतात, ते एकराला तीन ते चार लाख लिटर पाणी झालं. एखाद्या संध्याकाळच्या पाच मिलिमीटर सरीनं वरची माती काळी दिसते, वासही येतो, आणि हात तिफणीकडे जातो. ती सर एकराला जेमतेम वीस हजार लिटरची, म्हणजे दहा हजार लिटरच्या दोन टँकरांची. दोन टँकरांवर एकरभर पीक उगवून टिकणार नाही. थांबा.

पेरा झाल्यावर नोंदीच्या वेळी सातबाऱ्यावरचं सगळं क्षेत्र पिकाखाली दाखवू नका. विहीर, गोठा, बांध, नाला यांनी खाल्लेलं क्षेत्र वजा करा. त्यातलं काही पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणून उताऱ्यावर वेगळं असतं, काही नसतं. आंतरपिकात ओळी मोजाव्यात. सारख्याच अंतरावर सोयाबीनच्या चार आणि तुरीच्या दोन ओळी असतील, तर ९० आरांपैकी सोयाबीन ०.६० आणि तूर ०.३० हेक्टर.

मोबाईलवर शेताभोवती फिरून क्षेत्र काढणारी ॲप पेरणीच्या अंदाजाला चालतात. मोठ्या रानात दोन-चार मीटरची चूक मुरून जाते. पाच-दहा गुंठ्यांच्या तुकड्यात तीच चूक मोठी होते, तिथं टेपच घ्या. तिरक्या तुकड्याचे त्रिकोण पाडा. पाया गुणिले उंची, भागिले दोन. आणि बांधाचा वाद असेल तर ॲपही नको, टेपही नको, भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा.

चौकोनाच्या खुंट्या पेरणीनंतर काढू नका. डवरणीला आडव्या आल्या तर तात्पुरत्या उचला आणि जागेवर दगड पुरून ठेवा. सोयाबीन काढणीला आली की त्या आराची कापणी वेगळी करा, वाळवून, झोडून, दाणे तोला. आरात जितके किलो, तितके हेक्टरी क्विंटल, त्यात काहीही गुणायचं नाही. १८ किलो भरले तर हेक्टरी १८ क्विंटल, आणि चारानं गुणून दहानं भागलं की एकरी सात क्विंटलांच्या थोडं वर. एका चौकोनावर विसंबू नका. रानाच्या उंचवट्यावर एक आणि खोलगट भागात एक असे आणखी दोन चौकोन आताच आखून ठेवा, म्हणजे मळणीयंत्र यायच्या आत बारदाना किती आणायचा ते कळेल.