अमेरिकेतलं शैक्षणिक कर्ज एकत्र करताना: बडोद्याच्या पालकांसाठी

ग्रीनकार्डधारक मुलगी सरकारी किंवा ५०१(सी)(३) (करमुक्त सेवाभावी) संस्थेत आठवड्याला किमान ३० तास काम करत असेल, तर ‘पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस’ या अमेरिकी सरकारच्या योजनेत १२० पात्र हप्त्यांनंतर उरलेलं शैक्षणिक कर्ज माफ होऊ शकतं. पण फक्त सरकारी ‘डायरेक्ट’ कर्ज. एफएफईएल किंवा पर्किन्स या जुन्या सरकारी योजनांतलं कर्ज असेल तर आधी एकत्रीकरण करा, म्हणजे ते एका नव्या ‘डायरेक्ट’ कर्जात बदलून घ्या. बडोद्यात घर तारण ठेवून काढलेलं कर्ज यात बसत नाही.

एकत्रीकरणाचा अर्ज स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर मोफत होतो. फी मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. खरी गोम पुढे आहे: एकत्रीकरणानंतरच्या ‘स्टँडर्ड’ परतफेड योजनेचे हप्ते बहुधा त्या १२० मध्ये मोजले जात नाहीत, म्हणून त्याच अर्जात उत्पन्नावर आधारित परतफेड योजना निवडा. आधीचे पात्र हप्ते भारित सरासरीने (मोठ्या कर्जाला जास्त वजन देऊन) धरतात. जुन्या कर्जात नवं मिसळलं की पात्र हप्त्यांचा आकडा घसरतो. नोकरीचा दाखला दरवर्षी भरा, त्यात लागणारा ईआयएन (मालकाचा ओळख क्रमांक) डब्ल्यू-२ या वार्षिक पगार-कर फॉर्मवर सापडेल.