कुलूप उघडायचा छंद: नवख्यांनी या चुका टाळा

लॉकपिकिंगच्या मंडळींत नव्याने आलेला माणूस हमखास विचारतो, "व्हिडिओत दाखवतात तस्संच केलं, तरी उघडत नाही. पिकसेट खराब आलाय का?" पिकसेट बहुतेक वेळा ठीक असतो. आधी कुलूप कुठलं आहे ते बघा.

कुलूपच दुसऱ्या जातीचं

ऑनलाइन मिळणारे बहुतेक सेट पिन टंबलर कुलपांसाठी असतात. या कुलपात स्प्रिंगच्या दाबाखाली चार-पाच पिना असतात, आणि प्रत्येक म्हणजे एकावर एक बसलेली दोन पिनांची जोडी. किल्लीबरोबर फिरतो तो भाग म्हणजे गाभा. गाभा आणि बाहेरचं आवरण यांच्या सीमेला शिअर लाइन म्हणतात. प्रत्येक पिनजोडीचा सांधा बरोबर त्या रेषेवर आला की गाभा फिरतो. लिनस येल धाकटा याने १८६०च्या दशकात पेटंट घेतलेली रचना मुळात अजून तीच आहे.

आपल्याकडे मात्र शटरला, जिन्याखालच्या खोलीला किंवा गावाकडच्या घराला लावलेलं कुलूप बरेचदा लिव्हरचं असतं, मग ते अलिगढचं असो की गोदरेजचं नवताल. त्यात एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या पट्ट्या असतात आणि फिरणारा गाभा नसतोच. त्यामुळे सेटमधल्या टेन्शनरने (किल्लीच्या फटीत घालून गाभ्याला ताण द्यायची वाकडी पट्टी) ताण द्यायचा म्हटलं तरी देणार कशाला? त्याची हत्यारं वेगळी, शिकायची रीतही वेगळी.

ओळखायचं किल्लीवरून. सपाट पात्याच्या कडेने दाते असतील तर बहुधा पिनचं. गोल दांडी आणि टोकाला झेंड्यासारखा चौकोनी तुकडा असेल तर बहुधा लिव्हरचं. ऑफिसच्या ड्रॉवरला असतं ते बहुतेक वेफरचं, म्हणजे पिनांऐवजी पातळ चकत्यांचं. ते पटकन उघडतं, म्हणून त्यावर फुशारून जाऊ नका.

सुरुवातीला चार पिनांचं साधं पितळी कुलूप किंवा जुन्या नाइट लॅचचा सिलिंडर घ्या. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात असले सिलिंडर मिळून जातात. (या छंदासाठी माल चोर बाजारातून आणला हे घरी कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.) किल्लीसकट असेल तरच घ्या, नाहीतर आतून गंजून बसलेल्या कुलपाशी झटापट करत बसाल. पारदर्शक प्लास्टिकचं कुलूप आत काय चालतं ते समजायला छान, पण सराव त्यावर करू नका. तिथे डोळेच सगळं काम करतात आणि बोटं काहीच शिकत नाहीत.

हाताचा जोर

दहातल्या नऊ तक्रारींचं मूळ इथे असतं. टेन्शनर म्हणजे किल्ली नव्हे, त्याने कुलूप जबरदस्तीने फिरवायचं नसतं. गाभ्यातली भोकं कारखान्यात अगदी सरळ रेषेत पडत नाहीत, केसभर इकडेतिकडे होतात. म्हणून हलका ताण दिला की आधी एकच पिन अडकते. ती शोधून उचलायची. ती बसली की गाभा किंचित सरकतो आणि मग दुसरी अडकते. सगळा खेळ या क्रमाचा आहे. जोर जास्त झाला की सगळ्याच पिना आवळल्या जातात आणि कुठली कुठे अडकली ते कळत नाही.

जोर जास्त होतोय का हे बघायचं असेल तर टेन्शनरवर ठेवलेल्या बोटाकडे बघा. नखाखालचा भाग पांढरा पडला असेल तर तुम्ही कुलूप पिरगाळताय. टेन्शनर वाकलेला दिसला तरी तेच. हुकचं (पिना उचलायच्या बाकदार टोकाच्या पिकचं) टोक वाकत असेल तर तो प्रकार दुसऱ्या हाताचा: अडकलेली पिन ढकलून उचलायची नसते, टोकाने चाचपून हळूच वर न्यायची असते. टोक तुटून आत राहिलं तर चिमट्याने काढताना नाकी नऊ येतात.

जागेचाही प्रश्न असतो. टेन्शनर किल्लीच्या फटीत पिनांच्या विरुद्ध टोकाला घातला तर अरुंद फटीत हुकला जागा उरत नाही. पिनांच्या बाजूच्या कडेला बसणारा चपटा टेन्शनर वापरून बघा. "हे कुलूप अवघडच आहे" म्हणून बाजूला ठेवलेली कितीतरी कुलपं एवढ्या बदलाने उघडतात.

एक पिन मात्र कशीही हलत नाही, स्प्रिंगचा लवचिकपणा लागत नाही, दगडासारखी घट्ट. ती बहुधा जास्त वर गेलेली असते, म्हणजे खालची पिन शिअर लाइन ओलांडून तिथेच चिणली गेलेली. तिला आणखी ढकलू नका. ताण अगदी हळूहळू सोडा आणि कान द्या. बारीक टक् ऐकू आलं की ती खाली आली. एकदम सोडलंत तर सगळ्याच पिना पडतात आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

गाभा थोडा फिरून थांबला, तर तिथे नवखे हटकून जोर वाढवतात. याला म्हणतात खोटा सेट, म्हणजे सगळ्या पिना बसल्याचा नुसता भास. आत स्पूल पिन असते, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना जाड, अशी दोऱ्याच्या रिळासारखी. तिचा बारीक भाग शिअर लाइनवर अडकतो आणि कुलूप उघडल्याचा आभास होतो. उपाय उलटा आहे: ताण कमी करा आणि पिना हळूच दाबून बघा. एखादी दाबताना गाभा तुमच्या बोटाविरुद्ध मागे ढकलला जाईल. त्याला तसा जाऊ द्या, पिन पुढे उचला. आधी बसलेली एखादी पिन यात खाली पडते, ती परत बसवायची. हे पहिल्यांदा जमतं तेव्हाच या छंदाची खरी चटक लागते असं माझं मत आहे. रेक (नागमोडी टोकाचा पिक) खसाखसा फिरवून उघडलेल्या कुलपात ती मजा नाही.

व्हिडिओतली वेळ मनावर घेऊ नका. १८५१ साली लंडनमध्ये अमेरिकन कुलूपकार ए. सी. हॉब्सने ब्रॅमा या कंपनीचं, उघडून दाखवा म्हणून आव्हान दिलेलं प्रसिद्ध कुलूप उघडलं, त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले होते. दोनशे गिनींचं बक्षीस त्या चिकाटीला मिळालं.

कुलपाची आणि हत्यारांची नासाडी

खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल ओतू नका. धूळ बसून आत चिखल होतो. पेन्सिलीतल्या शिशाची पूड चालते, पण तेलानंतर पूड नको, त्याची लापशी होते.

उघडलेल्या सिलिंडरचा गाभा अर्ध्या फेरीपर्यंत सरळ नेऊ नका. किल्लीच्या फटीची उघडी बाजू वरच्या पिनांखाली आली की त्या तिच्यात उतरतात आणि गाभा जागीच अडकतो. झालंच तर फटीत चपटं काहीतरी घालून पिना वर ढकला आणि गाभा त्याच वेळी सावकाश मागे फिरवा. कुलूप खोलून आतलं बघायचं असेल तर ताटात, फडक्यावर, पिनांचा क्रम जपत खोला. त्या स्प्रिंगा फरशीवर सापडत नाहीत.

चोवीस हत्यारांचा सेट घेऊ नका. एक आखूड हुक आणि तीन-चार जाडीचे टेन्शनर बराच काळ पुरतात.

नियम

हॉलंडच्या टूल (TOOOL) या लॉकपिकिंग क्लबपासून इतर देशांतल्या क्लबांपर्यंत सगळीकडे दोन नियम चालतात: आपलं नसलेलं कुलूप परवानगीशिवाय उघडायचं नाही, आणि वापरात असलेलं कुलूप सरावाला घ्यायचं नाही. पहिला सगळ्यांना पटतो. दुसरा मोडतो तो घरच्या दारावर, रात्री अकरा वाजता, आणि मग चावीवाल्याला उठवावं लागतं.

पिकसेट खिशात घालून फिरू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन कायदेशीर कारणाशिवाय जवळ सापडणं हा गुन्हा आहे, आणि कारण दाखवायची जबाबदारी आपल्यावर असते. "छंद आहे हो" हे हवालदाराला रात्री पटवून बघायची हौस नसलेली बरी. परदेशात असाल तर तिथला कायदा आधी वाचा.

"घरमालकाने खोलीला कुलूप लावलंय, कसं उघडू?" असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. जुनेजाणते लोक शिष्ट असतात म्हणून नव्हे, तुमचं खरं-खोटं त्यांना कळायचा मार्गच नसतो म्हणून.

उघडलेल्या कुलपाच्या फोटोत किल्ली दिसू देऊ नका. दात्यांची खोली फोटोवरून मोजता येते. २०१४ साली टीएसए या अमेरिकन विमानतळ-सुरक्षा संस्थेच्या, प्रवाशांच्या बॅगांची कुलपं उघडायच्या मास्टर किल्ल्यांचा फोटो अमेरिकन वर्तमानपत्रात आला आणि पुढच्याच वर्षी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या निघाल्या.

आणि अडलात तर "उघडत नाही" एवढंच विचारू नका. कुलपाचा मेक, पिना किती मोजल्यात, टेन्शनर कुठल्या कडेला आहे, आधी कुठली पिन अडकते, गाभा थोडा तरी फिरून थांबतो का, एवढं सांगा. समोरच्याला कुलूप हातात न घेताही बरंच कळतं.