दिवाळीत कुणाच्या घरी जेवायला जाताना

दिवाळीचे दिवस फराळाचे आणि गोडाधोडाचे. भाऊबीज सरली की कोल्हापुरात मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची आमंत्रणं सुरू होतात आणि हॉलमधलं फर्निचर भिंतीला लावून सतरंज्या अंथरल्या जातात. त्यामुळे कपडे नुसते आरशासमोर उभं राहून ठरवले की हमखास फसगत होते. ते घालून घरीच वीस मिनिटं मांडी घालून बसा. पट्टा पोटात रुतला किंवा गुडघ्यावर कापड ताणलं, तर ती पँट कपाटातच राहू द्या. रश्श्याच्या चौथ्या वाटीनंतर ती सैल होणार नाहीये. सुती कुर्ता आणि सैल पायजमा सगळ्यात सुखाचा. बाह्या कोपरापर्यंत दुमडता आल्या पाहिजेत, नाहीतर भाकरी मोडताना कफ थेट वाटीत जातो.

साडी असेल तर परकराची नाडी बोटभर सैल बांधा आणि निऱ्या जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा. उठताना निऱ्यांवर पाय पडून साडी सुटते ती हा अर्धा इंच न सोडल्यानं. पदर खांद्यावर पिन करा, कारण दारात पणत्या असतात. अंगणात फटाके उडणार असतील तर जॉर्जेट, नायलॉन, पॉलिस्टर नकोच. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. अत्तर बेताचं लावा. छोट्या खोलीत उदबत्ती आणि फोडणी आधीच असते.

नवी कोल्हापुरी पायताणं त्याच दिवशी घालून निघू नका. हे चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, सुरुवातीला कडक असतं आणि अंगठ्याजवळ चावतं. आठवडाभर आधीपासून रोज अर्धा तास घरात घालून फिरा. पट्ट्यांना खोबरेल लावायचं ते आदल्या रात्री, आणि सकाळी कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. ते राहिलं की तेल तळपायाला लागतं आणि यजमानांच्या सतरंजीवर पावलं उमटतात. दारात चपलांचा ढीग असला तर आपली जोडी कडेला ठेवा, जाताना दुसऱ्याची पायात यायला नको.

आठची वेळ दिली असेल तर सव्वाआठला पोचा. पावणेआठला गेलात तर घरातल्या बाईला स्वयंपाक सोडून पाणी घेऊन बाहेर यावं लागतं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या बोळात चारचाकी नेऊच नका. दुचाकीसुद्धा शेजाऱ्यांचं दार सोडून लावा.

काय खात नाही ते आमंत्रण आलं त्याच वेळी सांगा. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळता का, माळ आहे का, सगळं. भाऊबिजेनंतर नवव्या दिवशी कार्तिकी एकादशी येते, तीही बघा. पांढऱ्या रश्श्यात मटणाच्या अळणीबरोबर, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याबरोबर, नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ असतात. यातलं काही सोसत नसेल तर ताटावर बसून सांगण्यात अर्थ नाही. रस्सा मनसोक्त मागा, तो मोठ्या पातेल्यात असतो. मटणाचे तुकडे मात्र माणशी हिशेबानं शिजवलेले असतात, शेवटच्या पंगतीतल्या बायका अजून जेवायच्या असतात. नको असेल तर वाटीवर हात आडवा धरा. तोंडानं कितीही नको म्हणालात तरी वाढपी ऐकत नाही.

आणि सांडलंच तर घाबरून चोळू नका. चोळल्यानं कट, म्हणजे रश्श्यावरचं तिखट तेल, धाग्यात आणखी मुरतो. चमच्याच्या कडेनं वरचा रस्सा उचला, तांदळाची पिठी मागून घेऊन डागावर पसरा आणि पंधरा-वीस मिनिटांनी झटका. पिठी तेल ओढून घेते. घरी आल्यावर सुती कापडाला भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब लावून गार पाण्यात धुवा. डाग एकदम लालभडक झाला तर कापड गेलं असं समजू नका. साबणातल्या क्षारानं हळद लाल होते. भरपूर पाण्यात खळबळून उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हानं उडतो. रेशमी असेल तर पिठीवरच थांबा आणि ड्रायक्लीनरकडे द्या.

जेवण झालं की ताट मोरीपर्यंत न्या. ‘मदत करू का’ एकदाच विचारा. ‘राहू द्या’ म्हणाल्या तर स्वयंपाकघरात घुसू नका, तिथे आधीच चौघी असतात. त्यापेक्षा पोरांना गच्चीवर न्या, ते काम खरं उपयोगाचं. सुपारी फिरली की अर्ध्या तासात उठा.

जेवायला जाताना मिठाई नेऊ नका, त्या घरात चार डबे आधीच पडलेले असतात. फळं न्या किंवा गजरे. परतताना हातात फराळाचा डबा मिळेलच. तो आठवड्याच्या आत घासून परत करा, रिकामा नाही. चार लिंबं टाकली तरी चालतात.