कॅन्सरच्या औषधाची बातमी आली, की आधी पेन्सिल घ्या

२०२४ चा फेब्रुवारी संपत आला होता. तासगावात द्राक्षकाढणी ऐन भरात होती आणि माझ्या मेडिकलच्या काउंटरवर एक बागायतदार फोन पुढे करून उभे होते. "ताई, कॅन्सर परत येऊ नये म्हणून शंभर रुपयांची गोळी आलीया म्हणं. टाटाची हाय. द्या की एक पाकीट." दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. बातमीत रेझव्हेराट्रॉल आणि तांबं यांचं नाव होतं. रेझव्हेराट्रॉल द्राक्षाच्या सालीत असतं हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं, त्यामुळे पुढचा प्रश्न तयारच होता. "मग बेदाणं खाल्लं तर चालंल का?"

त्या आठवड्यात असे पाच-सहा जण आले. त्यांच्यासोबत बसून ती बातमी जशी वाचली, तशीच इथे सांगते. माझ्या वडिलांच्या जिभेला गाठ आली तेव्हा एका कात्रणावर विसंबून आम्ही सहा आठवडे भलत्याच उपचारात घालवले होते. तेवढ्यात गाठ ऑपरेशनच्या पलीकडे गेली. म्हणून हे मी कधीही घाईत सांगत नाही.

पेन्सिलीची पहिली खूण: प्रयोग कुणावर झाला? हा शब्द बहुतेक वेळा खाली, पाचव्या-सहाव्या परिच्छेदात असतो. त्या बातमीत तो शब्द होता 'उंदीर'. उंदरांच्या अंगात माणसाच्या कॅन्सरच्या पेशी सोडून गाठी वाढवल्या आणि मग उपचार केले. टाटा मेमोरियलमधले डॉ. इंद्रनील मित्रा यांचं म्हणणं असं, की कॅन्सरची पेशी मरताना तिच्यातून क्रोमॅटिनचे, म्हणजे गुंडाळलेल्या डीएनएचे तुकडे बाहेर पडतात. ते रक्तातून फिरत निरोगी पेशींत शिरतात आणि तिथे नव्याने बिघाड पेरतात. रेझव्हेराट्रॉल आणि तांबं एकत्र आलं की ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात आणि ते या तुकड्यांचा फडशा पाडतात. कल्पना मला मनापासून आवडली. पण कॅन्सर परत न येण्याचा दावा उंदरांवरच्या कामातून आलेला होता. माणसांवरचे अभ्यास छोटे होते आणि ते उपचारांचे दुष्परिणाम कमी करण्याबद्दल होते. गोळी तेव्हा बाजारात आलेलीच नव्हती. बेदाणे जरूर खा, पण त्या गोळीतले दोन्ही घटक मोजून घातलेले असतात. मूठभर बेदाणे म्हणजे ते औषध नव्हे.

दुसरी खूण: माणसं किती आणि कोणती? जून २०२२ मध्ये 'कॅन्सर गायब' म्हणून एक बातमी घरोघरी फिरली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात डोस्टारलिमॅब हे रोगप्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं इंजेक्शन दिलेल्या बाराच्या बारा रुग्णांची गाठ दिसेनाशी झाली होती. हे शंभर टक्के खरं होतं. पण ते सगळे गुदाशयाच्या कॅन्सरचे होते, आणि तोही एका खास जातीचा, ज्यात डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बंद पडलेली असते. अशा गाठीत चुका साचत जातात, म्हणून ती रोगप्रतिकारशक्तीला चटकन ओळखू येते. २०२५ मध्ये अशाच ४९ रुग्णांचा निकाल आला. त्यातही ४९ जणांची गाठ गेली. म्हणून घरात आतड्याचा कॅन्सर असेल तर बातमी पुढे पाठवण्याऐवजी डॉक्टरांना एवढंच विचारा: "बायोप्सीवर एमएमआर किंवा एमएसआय तपासणी झाली आहे का?" हीच दुरुस्तीची यंत्रणा बंद आहे का, ते या तपासणीत कळतं. या एका प्रश्नाने रुग्णाचा मार्ग खरोखर बदलू शकतो.

तिसरी खूण सगळ्यात अवघड आणि आमच्या तंबाखूच्या पट्ट्यात सगळ्यात गरजेची: तुलना कशाशी केली? टाटा मेमोरियलच्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांचा २०२२ चा अभ्यास घ्या. डोकं-मानेचा, म्हणजे तोंड, घसा अशा भागांचा कॅन्सर पूर्ण बरा होण्याच्या पलीकडे गेलेले १५१ रुग्ण. सगळ्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब. निम्म्यांना त्याखेरीज निव्होलुमॅब, हेही रोगप्रतिकारशक्तीवर काम करणारं इंजेक्शन, तेही दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. वर्षानंतर तीनच औषधं घेतलेल्या गटात शंभरातले साधारण १६ हयात होते, निव्होलुमॅबही मिळालेल्या गटात ४३. आता हीच गोष्ट महिन्यांत वाचा: निम्मे रुग्ण जिथवर जगले तो काळ ६.७ वरून १०.१ महिन्यांवर गेला. दोन्ही आकडे खरे आहेत, दोन्ही लिहून ठेवा. इंजेक्शनच्या बाटल्यांच्या किमती रोज बघणाऱ्या मला त्या २० मिलिग्रॅमचं मोल फार वाटतं. पण ते एकटं इंजेक्शन नव्हतं, जोडीला तीन औषधं होती. हे न वाचता कुणी शेत विकायला निघू नये.

आयआयटी मुंबई आणि टाटाच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या उपचारपद्धतीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्याबद्दल फुप्फुसाच्या कॅन्सरवाले विचारतात. ती काही रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कॅन्सरसाठी आहे. रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी काढून, बदलून परत सोडतात, त्यामुळे ती मेडिकलमध्ये मिळत नाही.

कुणी 'ट्रायलमध्ये', म्हणजे औषधाच्या माणसांवरच्या चाचणीत 'घेतो' म्हणालं तर सीटीआरआय क्रमांक मागा; सीटीआरआय म्हणजे अशा चाचण्यांची देशाची नोंदवही. भारतात जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे, आणि क्रमांक टाकला की माहिती इंटरनेटवर कुणालाही दिसते. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. मधेच बाहेर पडायचा हक्क तुमचा आहे. चाचणीतल्या औषधाचेच पैसे मागितले तर तिथेच थांबा.

शेवटी बातमी बाजूला ठेवून रुग्णाची फाइल उघडा. त्या बागायतदारांना मी फाइल आणायला सांगितली. रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणारा कॅन्सर. त्यासाठी ते हार्मोन कमी करणारी लेट्रोझोलची गोळी रोज एक, पाच वर्षं. मी विचारलं, "वहिनींची गोळी चालू आहे ना?" ते गप्प झाले. गुडघे दुखतात म्हणून चार महिन्यांपूर्वी बंद केली होती. कॅन्सर परत येऊ नये म्हणून माणसांवर वर्षानुवर्षं तपासलेली गोळी त्यांच्या घरातल्या डब्यात पडून होती.

बिलाच्या पाठीमागे मी त्यांना दोन ओळी लिहून दिल्या: गोळी चार महिने बंद आहे, सांधे दुखतात, दुसरी गोळी देता येईल का? सोमवारी ते मिरजेला डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. आता दर महिन्याला वहिनी स्वतःच येऊन पाकीट घेऊन जातात.