घराभोवतीचं अंगण कसं लावावं, नर्सरीत जायच्या आधीपासून

साताऱ्यात आमचं घर बांधून झालं तेव्हा पेंट वाळायच्या आधीच मी नर्सरीत जाऊन टेम्पोभर झाडं आणि गुंडाळलेला लॉनचा गालिचा घेऊन आले होते. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि समोरचं सगळं पाणी जोत्याला येऊन टेकलं, लॉन कुजलं, आणि जी झाडं पाण्यातून वाचली ती पुढच्या एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या उन्हात करपली. तेव्हापासून कॉलनीत जो येईल तो आयडिया देऊन जातो. एक काका म्हणाले सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाका कटकट नको, समोरच्या वहिनी म्हणाल्या कारंजं करा, मामेसासरे म्हणाले दोन नारळ लावा बाकी काही नको. ऐकलं सगळ्यांचं, पण दुसऱ्या खेपेला कामाचा क्रमच उलटा केला, आधी पाणी, मग ऊन, मग माणसं कुठून चालतात ते, आणि झाडं पार शेवटी. तोच क्रम खाली देतेय. जागा आमची ३ गुंठ्यांच्या प्लॉटमधली, म्हणजे घरासमोर साधारण ३० बाय २२ फूट आणि मागे एक पट्टा, त्यामुळे फार्महाऊसवाल्यांनी आपापला हिशोब करावा.

आधी नुसतं बघा

एखादा रविवार काढा आणि रांगोळी किंवा चुना घेऊन अंगणात उतरा. सकाळी ९ला, दुपारी १२ला आणि ४ला घराची, कंपाउंडची, शेजारच्या बिल्डिंगची सावली कुठे पडते तिथे रेघ मारा. आणि हे एकदा मेमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये बघितलंत तर फार बरं, कारण आपल्याकडे साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो आणि थंडीत चांगलाच दक्षिणेला कललेला असतो. त्यामुळे उत्तरेची जी बाजू डिसेंबरमध्ये दिवसभर सावलीत असते तिथेच मेमध्ये डोक्यावरून ऊन येतं. मी डिसेंबरमध्ये बघून तिथे फर्न लावले होते, मेमध्ये त्यांचा पापड झाला.

पापडावरून आठवलं, वाळवणाची जागा. लोक सगळं अंगण हिरवं करून टाकतात आणि मग सांडगे, कुरडया घालायला गच्चीवर पळतात. गच्ची असेल तर ठीक, पण सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर अंगणातच खाटेएवढी उन्हाची फरशी मोकळी ठेवा. तसंच कपड्यांची दोरी, गाडी, सायकल, पाण्याचं मीटर, सिलिंडर आणायची वाट, हे सगळं कागदावर काढा. माणूस गेटपासून दारापर्यंत नेहमी जवळच्या वाटेनेच जातो, तुम्ही कितीही सुंदर वळणाची पायवाट केलीत तरी दूधवाला कुंदाच्या रोपावरूनच येणार.

पाणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हिशोब सोपा आहे, १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, म्हणजे ५० मिमीचा एक दणका आला की साडेचार हजार लिटरच्या वर पाणी पन्हाळीच्या दोन पाईपांतून तुमच्या अंगणात येऊन पडतं, जवळजवळ एक छोटा टँकर. तो टँकर कुठे रिकामा होणार हे तुम्ही ठरवलं नाहीत तर तो स्वतःच ठरवतो.

उतार बघायला इंजिनिअर लागत नाही. गवंड्याकडे असते तशी पारदर्शक लेव्हल पाईप घ्या, त्यात पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, एक टोक जोत्यापाशी आणि एक गेटपाशी धरा, दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच येते, तिथून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा, फरक म्हणजे उतार. घरापासून बाहेरच्या दिशेने दर १० फुटांना एक-दीड इंच तरी उतार हवा. आमच्याकडे तो उलटा निघाला, कारण कंत्राटदाराने उरलेलं डबर गेटपाशी पसरून वर माती टाकली होती.

पाणी जमिनीत मुरवायचं असेल तर आधी फूटभर खोल खड्डा करून त्यात पाणी ओता, ते जिरलं की पुन्हा भरा, आणि ह्या दुसऱ्या वेळी किती वेळ लागतो ते बघा. तासा-दोन तासांत गेलं तर शोषखड्डा चालेल. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर खाली चिकट काळी माती आहे, तिथे खड्डा करून उपयोग नाही, पाणी सरळ गटाराकडे काढून द्या. आमच्याकडे मुरूम लागला म्हणून घरापासून १० फुटांवर ३ बाय ३ बाय ३चा खड्डा केला, खाली मोठे दगड, मध्ये विटांचे तुकडे, वर खडी आणि जाड वाळू, आणि भरून वाहिला तर बाहेर जायला एक पाईप. हा खड्डा सेप्टिक टँक आणि बोअरपासून लांबच ठेवा.

मागच्या बाजूला मात्र आमच्या आजीचाच प्लॅन बेस्ट, मोरीच्या पाण्यावर केळ, कर्दळ आणि अळू. फक्त तिच्या वेळी मोरीत शिकेकाई आणि राख जायची, आता शॅम्पू आणि डिटर्जंट जातं, म्हणून तिथलं अळू आम्ही शोभेचं समजतो आणि फदफद्याचं अळू नळाच्या पाण्यावर वेगळं लावलंय. वॉशिंग मशिनचं साबणाचं पाणी तर झाडांना सोडूच नका.

माती, म्हणजे मातीच्या खालचं

नवीन घर असेल तर कुदळ मारून बघाच. आमच्याकडे सहा इंचांखाली सिमेंटचे गठ्ठे, टाइल्सचे तुकडे, सळया आणि एक अख्खी चप्पल निघाली. जिथे झाडं लावायची तेवढ्या भागात फूट-दीड फूट खोदून हे सगळं बाहेर काढा, मजुरी लागते पण इथे पैसे वाचवले तर पुढे पाच वर्षं झाडं तशीच खुरटी राहतात.

माती ब्रासवर मिळते, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ३०० चौरस फुटांत फूटभर माती भरायची तर ३ ब्रास लागेल, आणि ती पाणी मारल्यावर बसते म्हणून थोडी जास्तच मागवा. माती आली की लगेच पसरू नका! ढीग कोपऱ्यात ठेवा, दोन आठवडे रोज पाणी मारा आणि काय उगवतं ते बघा. लव्हाळा उगवला तर ती माती परत पाठवा किंवा खोल खड्ड्यात तळाला घाला, कारण त्याच्या गाठी एकदा वाफ्यात गेल्या की तुम्ही थकाल पण तो थकणार नाही. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत घाला, साधारण तीन-चार घमेली मातीला एक घमेलं, आणि दोन मुठी निंबोळी पेंड. ताजं शेण घालू नका, मुळं जळतात आणि हुमणीही येते, म्हणजे मुळं खाणारी अळी.

फरशी, पायवाट, कट्टा

हे झाडांच्या आधी, कारण गवंडी आणि रोपं एका अंगणात नांदत नाहीत. पायवाट ३ फूट रुंद पुरते, दोघांनी गप्पा मारत जायचं असेल तर ४. शहाबादीचे तुकडे स्वस्त पडतात, खाली वाळू टाकून मध्ये दोन-तीन इंच फट ठेवून बसवले तर फटीत हरळी येते आणि पाणीही मुरतं. तुकडे सुटे सुटे टाकणार असाल तर मोजपट्टीपेक्षा घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला चालायला लावा आणि जिथे पाऊल पडेल तिथे फरशी ठेवा. पेव्हर ब्लॉकच हवे असतील तर ते सिमेंटच्या कोब्यावर न बसवता खडी आणि क्रश सँडवर बसवा, आणि सगळं अंगण झाकू नका, मेमध्ये संध्याकाळी सातलासुद्धा त्यातून झळा येतात.

आणि एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती, फरशी बसवायच्या आधी पायवाटेखालून आडवा एक २ इंची पीव्हीसी पाईप टाकून ठेवा, दोन्ही टोकांना बूच लावून. पुढे ठिबकची नळी किंवा लाइटची वायर न्यायची झाली तर फरशी फोडावी लागत नाही. लाइट पिवळसर आणि खाली बघणारे घ्या, आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, ओल्या अंगणात आपली हुशारी नको.

आता झाडं

खड्डे मेमध्येच करून ठेवायचे, मोठ्या झाडाला २ बाय २ बाय २ फूट, आणि उन्हात चांगले तापू द्यायचे. मग तळाला पालापाचोळा, वर माती-शेणखत भरून ठेवायचं आणि मृग लागून दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावायचं. मे महिन्यात उत्साहाने लावलेलं झाड वाचवायला जेवढं पाणी जातं तेवढ्यात जूनमध्ये लावलेली दहा जगतात.

कुठलं झाड कुठे, ह्यासाठी पुन्हा रांगोळी घ्या. झाड आणताना फूटभर असतं, पण मोठं झाल्यावर त्याचा घेर जेवढा होणार तेवढं वर्तुळ जमिनीवर काढा. मी काढलं तेव्हा यादीतली निम्मी झाडं आपोआप कमी झाली. वड, पिंपळ, उंबर हे भिंतीजवळ नकोच, ते न लावताही येतात आणि पाईप, जोतं काही सोडत नाहीत. गुलमोहर दिसतो छान पण मुळं उथळ, वादळात आडवा होतो. शेवग्याच्या फांद्या ठिसूळ, म्हणून गाडीवर येणार नाही अशा जागी. नारळाचं तर सांगायलाच नको, मामेसासऱ्यांची माफी मागून आम्ही नाही लावला.

लहान जागेत मला पटलेली झाडं म्हणजे पारिजातक, लिंबू, सीताफळ, कढीपत्ता आणि जागा जरा बरी असेल तर सोनचाफ्याचं कलम. पश्चिमेला मोठी जागा असेल तर ताम्हण लावा, आपल्या राज्याचं फूल आहे, उन्हाळ्यात जांभळं होऊन जातं आणि दुपारचं ऊनही अडवतं. भिंतीपासून ८-१० फूट अंतर ठेवा. शेजाऱ्यांच्या बाजूला आडोसा हवा तर अडुळसा, मेंदी, जास्वंद, आणि कुत्री-गुरं येत असतील तर करवंद, एकदा काटा लागला की परत येत नाहीत. घरात लहान मुलं असतील तर कण्हेर आणि बिट्टी टाळा, दोन्ही विषारी आहेत. मोगरा, जुई खिडकीपाशी लावा, गेटपाशी लावलेल्या मोगऱ्याचा वास रस्त्यालाच जातो आणि फुलंही.

प्लॉटवर आधीपासूनच मोठं झाड असेल तर अंगण त्याच्याभोवती बसवा. शहरी हद्दीत झाड तोडायला १९७५च्या राज्याच्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते, स्वतःच्या आवारातलं असलं तरी. आणि खरं सांगायचं तर पंचवीस वर्षांची सावली कुठल्याही नर्सरीत विकत मिळत नाही.

लॉनबद्दल

मला माहितीय सगळ्यांना लॉनच हवं असतं, मलाही हवं होतं. पण आकडा बघा. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरला दिवसाला ५-६ लिटर पाणी सहज लागतं, ४०० चौरस फूट म्हणजे ३७ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला २०० लिटरच्या आसपास, पाच दिवसांत हजार लिटरची एक टाकी. ज्या महिन्यात नळाला दिवसाआड पाणी येतं त्याच महिन्यात. त्यामुळे आम्ही बसायच्या कट्ट्यासमोर १० बाय १० एवढाच तुकडा ठेवला आणि तिथे साधी हरळी वाढवली, ती मेमध्ये पिवळी पडते आणि पावसात परत येते, शिवाय गणपतीत दूर्वा विकत आणाव्या लागत नाहीत. उरलेल्या जागेत झाडांखाली तीन-चार इंच पालापाचोळा पसरलेला असतो, बुंध्याला न चिकटवता. सुरुवातीला वहिनी म्हणाल्या झाडून घेत नाही का गं तुम्ही, आता त्या त्यांच्याकडचा पाचोळा मला आणून देतात.

कारंजं केलं नाही, त्याऐवजी एक जुना दगडी रांजण आहे, त्यात कमळ आणि गप्पी मासे. मासे हवेतच, नाहीतर साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात. कुंड्यांखालच्या बशा, टायर, नारळाच्या करवंट्या दर रविवारी उलट्या करायच्या.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी अंगण टकलं दिसतं, येणारा प्रत्येक जण विचारतो अजून काम चालू आहे का. मधल्या रिकाम्या जागा घाईने भरू नका, तिथे झेंडू टाका, दसऱ्याला तोरणापुरती फुलं मिळतात आणि तोवर मोठी झाडं रुजतात. पाणी रोज घोटभर देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर द्या म्हणजे मुळं खाली जातात. आणि पाऊस ओसरताना, साधारण सप्टेंबरमध्ये, टाकळा आणि गाजरगवत बी धरायच्या आत मुळासकट उपटा. गाजरगवताला हातमोजे घालून, फुलोरा यायच्या आधी आणि जमीन ओली असतानाच, ऑक्टोबरच्या उन्हात जमीन आवळली की नुसता शेंडा हातात येतो.