गोळी दिली, पण खाल्ली का? पोषणाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

समाजकार्य किंवा गृहविज्ञान शिकून पोषणाच्या कामाला लागलेली मुलं-मुली मला बहुतेक वेळा अहवालांबद्दल विचारतात. फॉर्म कसे भरायचे, टक्केवारी कशी काढायची. ते महिनाभरात जमतं. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात गरोदर बायांसोबत काम करताना मला खरी अडचण दिसली ती दुसरीच. रजिस्टरमध्ये लोहाच्या गोळ्या ‘दिल्या’ अशी नोंद असते. त्या खाल्ल्या का, हे घरी गेल्याशिवाय कळत नाही.

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय, ७ च्या खाली गेलं की तीव्र. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधी, २०१८ पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ ही सरकारी मोहीम सुरू झालेली होती. त्यानुसार चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस.

“गोळ्या खाता ना?” असं विचारलंत तर प्रत्येक बाई “हो” म्हणेल. त्यापेक्षा “काल कधी खाल्ली? पाकीट बघू का?” असं विचारा. मग खरं बोलणं सुरू होतं. मळमळतं, शौचाला काळं होतं, सासू म्हणते बाळ फार मोठं होईल आणि बाळंतपण अडेल. काळ्या शौचाचं आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरून गोळी बंद करत नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा. चहासोबत नको, आणि कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी नको, दोन्हींमुळे लोह कमी शोषलं जातं. आणि हे सगळं सासूसमोर बोला. घरात तिचा शब्द चालतो, तिला वगळून केलेलं समुपदेशन टिकत नाही.

आहाराबद्दल मी जरा स्पष्टच बोलते. शेवग्याचा पाला, अंबाडी, बाजरी, हरभरा, वर लिंबू पिळलेलं, हे सगळं हवंच. पण रक्त आधीच कमी असलेल्या बाईला नुसती पालेभाजी सुचवून परत पाठवणं मला अन्याय वाटतो. आहाराने रक्तक्षय टाळायला मदत होते, झालेल्यावर औषधच लागतं. शिवाय ती घरात शेवटी जेवते. अंगणवाडीतून घरी नेलेला कोरडा आहार सगळ्यांच्या ताटात जातो. म्हणून आदिवासी भागातली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना मला मोलाची वाटते. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू असं एक वेळचं गरम जेवण अंगणवाडीतच बसून खायचं, म्हणजे ते तिच्याच पोटात जातं. डबा घरी पोचवायला सुरुवात झाली की योजनेचा जीवच जातो. पण बाई दुपारी मजुरीला गेलेली असेल तर ती येणार कशी? सेविकाताईंसोबत बसून गावाप्रमाणे जेवणाची वेळ ठरवा. यात तुमचा वेळ घालवा, तो वाया जात नाही.

सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, हे विसरू नका. महिनाभर नियमित गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅम वाढलं नाही, तर बाई खोटं बोलते असं धरू नका. सिकलसेलची तपासणी झालीय का ते पाहा, जंतासाठीची गोळी दुसऱ्या तिमाहीत मिळाली का ते विचारा, आणि डॉक्टरांकडे पाठवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी डॉक्टर करतात. तीव्र रक्तक्षय असेल तर ९ तारखेचीही वाट पाहू नका. डोस वाढवणं किंवा शिरेतून लोह देणं हा डॉक्टरांचा निर्णय, तुमचा नाही.

दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, आणि सहा महिन्यांची मेहनत तिथे अडकते. यादी आधीच करा. जायच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या, परत येईपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत द्या, आणि मुकादमाचा फोन नंबर आशाताईंच्या वहीत लिहून घ्या.