मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर आणि वेळेचा हिशेब करताना या चुका टाळा

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे चौदा तासांत पोहोचायला हवे; मग तिकिटाचा हिशेब सोळा तासांच्या घरात कसा जातो, असा प्रश्न मुलांकडे पहिल्यांदाच निघालेले आईवडील हमखास विचारतात. भागाकार बरोबर असतो, चूक गृहीतकात असते.

पहिली गफलत एककांची. हेच अंतर कुठे ७,८०० तर कुठे ६,७८० असे दिसले, तर ते अनुक्रमे मैल आणि सागरी मैल आहेत असे समजावे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

दुसरी चूक भिंतीवरच्या नकाशाने होते. त्यावर पट्टी ठेवली की रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते. पण पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेला ६५ अंश अक्षांशापर्यंत, म्हणजे आइसलँडच्या पट्ट्यापर्यंत चढतो. १२,५५० हा आकडा त्या दोऱ्याचा आहे आणि विमान नेमके त्या दोऱ्यावरून क्वचितच जाते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना जो वळसा पडला, तो कोणत्याही अंतराच्या तक्त्यात दिसत नाही.

अंतर कमी म्हणजे वेळ कमी, हेही खरे नव्हे. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यामुळे अमेरिकेला जाताना विमान वाऱ्याशी झगडते आणि परतीचा प्रवास सहसा लवकर उरकतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले, तेव्हा मार्ग सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झाला आणि तरीही जवळजवळ दोन तास वाचले. शिवाय वेळापत्रकातला कालावधी विमान जागेवरून हलल्यापासून ते मुक्कामी उभे राहीपर्यंतचा असतो, त्यामुळे धावपट्टीसाठी रांगेत गेलेली मिनिटेही त्यात धरलेली असतात.

सर्वाधिक घोळ मात्र घड्याळाचा. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून पहाटे १:३० ला सुटून त्याच तारखेला सकाळी ७ ला न्यूयॉर्कला उतरते. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असल्यामुळे वरवरच्या साडेपाच तासांत साडेदहा तासांचा फरक मिळवावा, म्हणजे सोळा तास होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेतली घड्याळे तासभर पुढे असतात, तेव्हा साडेनऊच मिळवायचे. परतताना तारीख पुढे सरकते. तिकिटावर वेळेशेजारी बारीक अक्षरांत छापलेला ‘+१’ त्यासाठीच असतो, आणि तो न पाहता घ्यायला येणारी मंडळी एक दिवस आधीच विमानतळावर येऊन उभी राहतात.

मध्यरात्रीनंतरच्या विमानांची तारीख तर दोनदा वाचावी. आमच्या एका नातेवाइकांच्या तिकिटावर १५ तारीख आणि ००:४५ अशी वेळ होती, म्हणजे घरून १४ च्या संध्याकाळीच निघायला हवे होते. ते १५ च्या रात्री नऊ वाजता, चार बॅगा आणि चकलीचे डबे घेऊन विमानतळाच्या दाराशी पोहोचले, तेव्हा विमान सुटून वीस तास झाले होते.